माझ्या हातचा तक्ता

२७ सप्टें. १९६९, शनि.
भात निसवायला लागलं, लोंब्या बाहेर येताहेत. फार्मवर संकराचं काम सुरू. बाळू उजाडायच्या आत वाफ्यात. कोवळ्या फुलातले सहाच्या सहा पुंकेसर चिमट्यानं काढतो, फुलाला धक्का नाही. बी.एस्सी. झालेल्या दोघांच्या हातात निम्मी फुलं मरतात. पण ते 'असिस्टंट', आणि माझा धाकटा भाऊ जन्माचा मुका-बहिरा म्हणून मस्टरवर 'मजूर'. दरवर्षी याच दिवसांत डोकं फिरतं, दरवर्षी हेच लिहितो.
साहेबांबरोबर लोणावळ्याचे डॉ. आले होते. शेतीची हौस. बाळूकडे बघत राहिले. "घरात आणखी कोणी असं?" म्हटलं, आत्या होती, आजोबांचा एक भाऊ होता. एकदम खूश. वाणाची काढता तशी घराची वंशावळ काढून द्याल का म्हणाले. देतो म्हटलं.

३० सप्टें.
काढली. चार पिढ्या. ऐकणाऱ्यांना रिकामा चौकोन, मुक्यांना काळा. नावं बोरूनं. तक्ता देखणा झालाय. डॉ. म्हणाले, "तुम्ही खरे शास्त्रज्ञ." दिवसभर हवेत होतो.
हिचं तोंड वाकडं. "घरातलं भाईर कशापायी द्यायचं? दसऱ्यानंतर सिंधूची सुपारी फुटायचीय." म्हटलं, अडाणीपणा पुरे. इंदुरीचे पाहुणे चांगले आहेत, मुलगा पोरीला पसंत आहे, तक्ता त्यांच्या दारात थोडाच लावणार?

१२ ऑक्टो., रवि.
लोणावळ्याला डॉ. चं व्याख्यान, 'निरोगी संतती'. आम्हा दोघा भावांना मुद्दाम बोलावलेलं. भिंतीवर माझा तक्ता. मोठा करून, नावांसकट. खाली टेबलावर आमच्याच फार्मची रोपं.
"शेतकरी भेसळीचं रोप उपटतो, तिथं दया दाखवत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र आपण हळवे होतो."
मग बाळूला वर बोलावलं. खांद्याला धरून लोकांपुढे उभं केलं. बाळूला वाटलं, कामाबद्दल सत्कार आहे. त्यानं वाकून सगळ्यांना नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं मला शोधलं, हसला. मीही टाळ्या वाजवल्या.
हरामखोर. डॉ. नाही, मी. डॉ. पण.

१४ ऑक्टो.
साहेब : "एवढं काय मनाला लावून घेता? भेसळ काढायला बायकांना तुम्हीच तर शिकवता."
म्हटलं, साहेब, भेसळ म्हणजे वाईट रोप नव्हे. आपल्या मनासारखं नसलेलं रोप. गेल्या साली उपटून बांधाला फेकलेलं एक रोप तिथंच जगलं, आणि निवडलेला अख्खा वाफा करप्यानं गेला. आठवतं ना?
"ते वेगळं."
काय वेगळं, ते विचारायचं होतं. विचारलं नाही. नोकरी आहे. शेपूट घालून वाफ्यावर गेलो, दोन बायकांवर उगाच ओरडलो.

२३ ऑक्टो.
दसरा झाला. इंदुरीहून मध्यस्थ रामभाऊ आले. चहा घेतला, कप खाली ठेवला, मग बोलले. "पोरगी लाखात एक हाय. पन पावन्यांच्या कानावर आलंय. उद्या नातू मुका निपजला तर? डाक्तरचं लिवून आना, मंग सुपारी फोडू."
मी समजावलं. हा गुण दोन्हीकडून यावा लागतो, तुमच्याकडं कुणी नाही, मग कशाची भीती?
"तुमचं पुस्तकी ऱ्हाऊ द्या. तक्ता तुमीच काडलाय न्हवं?"
सिंधू दाराआड उभी. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तो पोरीच्या पायावर पडला.

२५ ऑक्टो., शनि.
डॉ. कडे गेलो. आवाज चढवायचा असं ठरवून. हसून खुर्ची दिली. "मुलीचं काय, आत्ता लिहून देतो. धोका नसल्यातच जमा." कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं, आणि थांबले.
"तुम्हीही एक करा. भावाची नसबंदी करून घ्या. दहा मिनिटांचं काम, मी स्वतः करतो. मंगळवारी दहाला आणा. चिठ्ठीही तेव्हाच न्या."
म्हटलं, त्याचं लग्न व्हायचंय. हिच्या नात्यातली मुलगी बघतोय.
"म्हणूनच आत्ता."
टेबल उलथावंसं वाटलं. रक्त नुसतं उकळत होतं. आणि तोंडातून काय निघालं, तर "विचार करतो." जीभ हासडून टाकावी. बोलता येतं म्हणून मी रिकामा चौकोन!

२६ ऑक्टो., रवि.
ही सकाळीच म्हणाली, "अंगठाच तर लावायचाय. तुमी दावाल तितं लावतील भावजी." खरं आहे. मी बोट ठेवीन तिथं लावेल. तेच तर.
सिंधू चुलीपुढून उठली. "काकाला फसवून माजी सुपारी नगं. आदी त्येला सांगा. त्येला कळू द्या, मंग काय ते."
दुपारी सांगितलं. बांधावर. आमच्या घरच्या खुणा मोजक्या. मूल म्हणजे गुडघ्याजवळ तळवा. कापणं म्हणजे विळा. डॉ. म्हणजे चष्मा. तिन्ही केल्या. कळलं नाही. पुन्हा केल्या. मग कळलं.
रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मग आपल्या छातीला हात लावला, माझ्या छातीला लावला, दोन बोटं जोडून दाखवली. एकच रक्त. घराकडं हात केला, माझी तीन मुलं, तीन बोटं. आणि माझ्याकडं बघून विळ्याची खूण केली. भुवया वर.
तुझं का नाही?
हा प्रश्न मला तक्ता काढतानाच सुचला होता. गुण माझ्यातही झाकलेला असणार, बहुतेक आहेच. तसं असलं की चौकोन अर्धा काळा करतात. मला माहीत आहे, मी वाणांचे असले शेकड्यांनी केलेत. माझ्या नावापुढचा रिकामा ठेवला. डॉ. नी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. इथंही लिहिलं नाही.
बाळूकडं पाठ फिरवून उठलो. घरात येऊन हे लिहीत बसलोय. तो अजून बांधावरच आहे, दाराकडं तोंड करून.
मंगळवार परवा.