दारातली फळी

४ फेब्रुवारी

मामा आज पुन्हा निघून गेले! मी आंघोळीला गेलो तेवढ्यात.

परत आणलं ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानवालीने. म्हणाली, "काका, सिग्नलच्या मधोमध उभे होते. हात करून गाड्या थांबवत होते." दुकान तसंच उघडं टाकून आली होती बिचारी. तिचं भलं होवो. मी ओल्या अंगाने, अनवाणी, जिन्यात उभा. मामा मात्र एकदम शांत. मलाच म्हणाले, "मेकॅनिक, तुम्ही भिजलात कसे?"

सासरे माझे. मी जावई आहे हे आता त्यांच्या डोक्यातून गेलंय. पण मी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला, ते कसं कोण जाणे, बरोबर ओळखतात. म्हणून मी मेकॅनिक. काही तक्रार नाही. खोटं तर नाही ना बोलत!

संध्याकाळी ही शाळेतून आली. सांगावंच लागलं. तिने मामांचे पाय धुऊन दिले, मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

७ फेब्रुवारी

मेहुणे आले होते. हिचे थोरले भाऊ. शहराबाहेरच्या एका संस्थेत मामांसाठी जागा बघून आलेत. स्वच्छ आहे, बाग आहे, रात्रंदिवस माणसं आहेत. सगळं खरं.

"मी काही वाईट मुलगा नाही हो," मला म्हणाले. मी म्हटलं, "माहीत आहे." खरंच माहीत आहे. हिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांना बघवत नाहीत. दिवसभर मी मामांच्या दारात खुर्ची टाकून बसतो, शाळेतून आली की ही बसते. रात्रीचा प्रश्न नाही, गोळीने शांत झोपतात. दिवस मोठा कठीण.

"मग कुलूप का लावत नाही?"

ही ताडकन म्हणाली, "कुलूप नाही. पुन्हा नाही." मागे एकदाच लावलं होतं. दारावर धक्के मारून मारून मामांचं मनगट सुजलं. "मला कोंडलंय, मला कोंडलंय" म्हणून रडले. मेहुण्यांना हे आज कळलं.

निघताना दारात थांबले. "मार्चअखेरपर्यंत जागा राखून ठेवतो. तोवर बाबा एकदाही रस्त्यावर गेले नाहीत, तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. गेले, तर मात्र तू हट्ट करायचा नाहीस." ही "बरं" म्हणाली. मान खालीच.

८ फेब्रुवारी

दारावर घंटी बसवली. मामा कानावर हात ठेवून पलंगाच्या कडेला आकसून बसले. काढली.

११ फेब्रुवारी

सुचलं! दाढी करता करता सुचलं, गालही कापला!

लिफ्टचं साधं गणित. दार उघडं असेल तर लिफ्ट हलता कामा नये. दारातला संपर्क तुटला की वीज बंद, लिफ्टचा पाळणा जागच्या जागी. आता हेच घरात वापरायचं. खोलीत सतत काहीतरी आवाज करत चाललेलं असावं, आणि मामा दाराबाहेर पडले की ते थांबावं. घंटी वाजायला नको. आवाज थांबला की मला कळेल. तोवर मी माणसासारखा स्वयंपाक करीन, आंघोळ करीन, कपडे वाळत घालीन.

पण चालणारं काय? पंखा? रेडिओ? रेडिओवरची माणसं खोलीत शिरलीत असं मामांना वाटतं. हिला विचारलं. ही वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "दादाची लहानपणची आगगाडी आहे ना. चावीची नाही, विजेची. बाबांनी आणली दादासाठी आणि खेळायचे बाबाच! दादाला नुसतं बघायला मिळायचं."

उठून हिच्या डोक्यावर टपली मारली. लाल शाईचा फराटा ओढला गेला कुणाच्या तरी वहीवर.

१४ फेब्रुवारी

मेहुण्यांनी माळ्यावरून खोकं काढून स्वतः आणून दिलं. "तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" असं विचारत विचारत! इंजिन, चार डबे. इंजिनात गंजाचा ठिपका नाही. प्रत्येक डबा वर्तमानपत्रात गुंडाळलेला. इतकी वर्षं जपून ठेवलं माणसाने.

१९ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या सुताराने प्लायच्या पट्ट्या कापून दिल्या. खोलीच्या चारी भिंतींना ब्रॅकेटवर फळी, त्यावर रूळ. रूळ नवेच घ्यावे लागले, जुने पलंगाभोवती फिरण्यापुरतेच होते. उंची ठरवायला मामांना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या डोळ्यांच्या जरा खाली भिंतीवर खूण केली. गाडी त्यांना डोळ्यांसमोरून जाताना दिसली पाहिजे.

दाराचं पान बिजागऱ्यांवरून काढून टाकलं. आता तिथे नुसती चौकट, आणि तिच्यात त्याच उंचीला आडवी उचलती फळी, तिच्यावरही रूळ. एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला पितळी पट्ट्या. फळी खाली असली की पट्ट्या एकमेकींना टेकतात, वीज वाहते. उचलली की संपलं.

सुतार म्हणाला, "खोलीला दार नाही आणि दारात पूल. तुमच्या घरी यायचं कसं?" म्हटलं, "वाकून." दोघंही हसलो.

२३ फेब्रुवारी

कोपऱ्यांतली वळणं काही केल्या जमेनात. गाडी हाताने ढकलून बघितली, दर फेरीला उलटायची. मामा खुर्चीतून बघत होते. उठले. माझ्या हातातली पेन्सिल घेतली, दोऱ्याचं एक टोक मला धरायला लावलं, आणि चारी कोपऱ्यांत कमानी काढून दिल्या. हात जरा थरथरत होता, रेघ थरथरली नाही. पाणीपुरवठा खात्यात जन्मभर नकाशे काढले त्यांनी. मला नावाने ओळखत नाहीत, पण दोरा ढिला सोडला तर "ताणून धरा हो!" म्हणून दरडावतात.

त्याच रेघांवर रूळ ठोकले. गाडी एकदाही उलटली नाही. ही बाजारातून आल्यावर तिला रेघा दाखवल्या. तिने बोट फिरवून बघितलं.

२६ फेब्रुवारी

वायरिंग सुरू. दोन रूळ, एकात वीज येते, इंजिनातून जाते, दुसऱ्यातून परतते. एवढंच. पण रुळांच्या सांध्यांत वीज मरते, लांबच्या भिंतीला गाडी चढाला लागल्यासारखी रडत जाते. म्हणून फळीच्या खालून दोन जाड वायरी खोलीभर फिरवल्या आणि जागोजागी वर रुळांना कथलाचे डाग दिले.

खिडकीखाली तर पलंगावर उताणा झोपून, तोंडावर कथील ठिबकत. म्हातारपणी सुचलेली अक्कल!

२७ फेब्रुवारी

सगळं जोडलं, बटण दाबलं — ठप्प. ट्रान्सफॉर्मर गरम. कुठेतरी उजवी वायर डाव्या रुळाला लागलीय.

२८ फेब्रुवारी

चूक हिने शोधली. मी मीटर घेऊन भिंतीभिंतीने फिरत होतो, चिडचिड करत. ही चहा ठेवून म्हणाली, "अहो, तुम्ही उताणे झोपून जोडलंत ना? मग तुमचं डावं तिकडून उजवं नाही का होणार?" खिडकीखालचे दोन डाग उलटे! बाकीचे बसून दिले होते, तेवढेच दोन झोपून. लिफ्टच्या खड्ड्यात उताणा पडून हयात गेली माझी, आणि हे कळू नये? हिच्यापुढे कान धरले. ही लटक्या रागाने म्हणाली, "वर्गात उभं करीन."

१ मार्च

गाडी चालली! पण मोठी फजिती झाली. मामांनी फळी उचलली, फळीवरच्या रुळांची वीज गेली, बाकी खोलीची चालूच. गाडी आपली सुसाट आली आणि उघड्या तोंडातून थेट जमिनीवर! मामा म्हणाले, "अपघात!" आणि दोन हातांनी डबे गोळा करू लागले.

इंजिनाचा एक दांडा वाकला. पक्कडीने सरळ केला. आता सगळी वीज आधी दारातल्या पट्ट्यांतून नेली आणि मग खोलीत. फळी उचलली की कुठेही असो, गाडी जागच्या जागी उभी. आधीच करायला हवं होतं हे. घाई!

३ मार्च

आणखी एक मूर्खपणा. गाडी गुळगुळीत चालावी म्हणून रुळांखाली रबराची पट्टी घातली होती. इतकी गुळगुळीत चालते की स्वयंपाकघरात ऐकूच येत नाही! मला तर आवाज हवा. दिवसभर बसून रबर उचकटलं, रूळ कोऱ्या प्लायवर ठोकले, सांध्यांवर कानस मारून बारीक खाचा केल्या. आता घरभर ऐकू येते. खडक-खडक, खडक-खडक. सुतार वर येऊन विचारून गेला, काही पडलं का म्हणून.

४ मार्च

आज मी आंघोळ केली. सावकाश. साबण लावून!

९ मार्च

गाडी दिवसातून पाच-सहा वेळा थांबते. थांबली की हातातलं टाकून धावायचं. मामा फळी धरून उभे असतात. "कुठे निघालात?" "घरी." मग मी त्यांना घरभर एक फेरी मारून आणतो. स्वयंपाकघर, गॅलरी, बैठकीची खोली. "हेच घर," म्हणतो. "असं?" म्हणतात आणि परत आत जातात. मला भरपूर धाप लागते, पण रस्त्यापर्यंत एकदाही पोचू दिलं नाही.

आज रविवार. ही दुपारी गाडीच्या आवाजात झोपली. चक्क पलंगावर, पांघरूण घेऊन. संध्याकाळी उठून घाबरली, "बाबा?" म्हटलं, "ऐक." ऐकलं आणि परत आडवी झाली. ह्या एका झोपेसाठी मी अजून दहा खोल्यांना रूळ ठोकीन.

१३ मार्च

दोनदाच थांबली.

१६ मार्च

एकदाही नाही!

२१ मार्च

सहा दिवस गाडी थांबलेली नाही. मामा रमले. काय सांगू किती बरं वाटतं! मी पोळ्या लाटतो, कपडे वाळत घालतो, गॅलरीत पेपर वाचतो. कान तेवढा तिकडे. मधूनमधून डोकावतो तेव्हा मामा खुर्चीत, नजर गाडीबरोबर फिरतेय. कुणाकुणाचे आभार मानू? सुताराचे, मेहुण्यांचे, त्या औषधवालीचे, हिचे. आणि मामांचे. राहिले म्हणून.

बाहेरच्या दाराला आता कडीसुद्धा घालत नाही. नुसतं लोटून ठेवतो.

२९ मार्च

मेहुणे निकाल लावायला आले. ही शाळेत. मी मुद्दाम त्यांना आधी बैठकीच्या खोलीत बसवलं आणि ऐटीत म्हटलं, "ऐका. हा आवाज आहे तोवर मामा खोलीत. पंधरवडा होत आला, एकदाही थांबलेली नाही." चहा पिता पिता दोघं ऐकत बसलो. त्यांनाही लहानपण आठवलं असावं, पायाने ताल धरला होता.

मग म्हटलं, चला, भेटा. पॅसेजमधून गेलो. गाडी फिरत होती. फळी खाली होती. खुर्ची रिकामी!

खोलीतल्या बाथरूममध्ये नाहीत. पलंगामागे नाहीत. मेहुण्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही. येताना बाहेरचं दार त्यांनीच सताड उघडं टाकलं होतं. तसेच जिना उतरत धावले. हिला काय सांगू, एवढंच माझ्या डोक्यात. भिंत धरत धरत बाहेरच्या दारापर्यंत आलो.

दाराला लागूनच स्वयंपाकघर. आत स्टुलावर मामा. हिने सकाळी काढून ठेवलेले मटार सोलत होते. समोर उघडं दार, दारातून जिना दिसतोय.

खिडकीतून ओरडून मेहुण्यांना बोलावलं. ते वर आले, धापा टाकत, आणि चौकटीला टेकून उभे राहिले. मामांनी सोललेले दाणे नीट वाटीत सारले, टरफलं बाजूला केली, उठले, पॅसेजमधून आपल्या खोलीपाशी गेले. एक हात चौकटीला, एक गुडघ्याला. वाकले आणि फळीखालून आत! वरून खडक-खडक गाडी गेली. सावकाश खुर्चीत जाऊन बसले.

मी कपाळावर हात मारला. जन्मभर लिफ्टची दारं केली. दाराखालून माणूस जातो हे कशाला सुचेल? मेहुणे आधी हसले. मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी ज्या शांततेवर इतका खूश होतो, त्या सगळ्या दिवसांत मामा हवं तेव्हा बाहेर येत होते. कडी नाही, कुलूप नाही. आणि गेले कुठे? स्वयंपाकघरात.

मेहुणे निघताना एवढंच म्हणाले, "उद्या फोन करतो."

३० मार्च

मेहुण्यांचा फोन आला. संस्थेतली जागा सोडली.

हिने मामांना विचारलं, "बाबा, वाकून कशाला येता? कंबर धरेल. फळी उचलायची ना!"

मामा हळू आवाजात म्हणाले, "नको गं. गाडी थांबली की ते मेकॅनिक धावत येतात. केवढी धाप लागते त्यांना. भला माणूस आहे, कशाला त्रास द्यायचा?"