मिठाच्या तळ्यावरची पाटी

कूबर पीडी, १६ जानेवारी १९९४

ती. बाबांस, कोरलचा सा. न. वि. वि.

दादाची गाडी काल ट्रकवरून सुखरूप उतरली. आच्छादन काढलं आणि मला रडूच आलं. रॉसदादा बोट घेऊन मासे धरायला गेला तो परत आलाच नाही, त्याला आता दोन वर्षं होतील. गाडी तुम्ही मला द्याल असं वाटलं नव्हतं. डॉट आत्यानं भुणभुण लावली म्हणून दिलीत, हे ठाऊक आहे. धाडण्याआधी सगळे नट तुम्ही स्वतः आवळलेत, असं तिनंच कळवलं.

पण एक दुखणं आहे. साडेचार हजार आरपीएमपर्यंत गाडी सुसाट पळते. त्याच्या वर टर्बोच्या दाबाचा काटा खाली येतो आणि ती दम टाकते. मार्चमध्ये सुकलेल्या मिठाच्या तळ्यावर वेगाच्या शर्यतीत पळवायची आहे. आपल्या क्लबाच्या पाटीवर गाड्यांच्या या वर्गात दादाच्या वेगाचा विक्रम आहे, तो मला मोडायचा आहे. पाटी दरवर्षी तुम्हीच रंगवता, तेव्हा ब्रश धुऊन ठेवा!

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून लिहिते. काय तपासू?

आत्याला नमस्कार. माया आहेच, ती तशीच राहू द्या.
तुमची कोरल

वॉलरू, २४ जानेवारी

चि. कोरल हिस अ. उ. आ.

प्लग बदल, त्यांचं अंतर कमी ठेव. मग इंधनाचा पंप बघ, वरच्या वेगाला कमी पडत असेल. हवेच्या होजना साबणाचं पाणी लाव, बुडबुडे आले तर हवा गळते आहे. रॉसला हे सांगावं लागलं नसतं. त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. तुझा हात मुळात जड.

डॉटनं तुझ्यासाठी खिमा-बटाटा भरून पास्टी भाजून फ्रीजरमध्ये ठेवल्या आहेत, पण टपालानं पाठवल्या तर तुझ्यापर्यंत वासच पोचेल. प्रकृतीला जप.

लोभ आहे तो वाढवावा.
तुझे बाबा

कूबर पीडी, ६ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

प्लग झाले, पंप झाला, होज झाले. बुडबुडा एक नाही. एअर फिल्टरसुद्धा काढून पळवली. दुखणं जिथल्या तिथे. इथले खाणवाले विचारतात की गाडीला चढ आवडत नाही की बाई आवडत नाही.

आज पास्टी खाताना (इथली, आत्याच्या पासंगालाही न पुरणारी) एक आठवलं. गॅरेजमध्ये तुमचा पहिला नियम काय होता? गाडी गुदमरली की आधी मागून बघायचं. तिला श्वास सोडता येतो का ते बघा, मग घेता येतो का ते. मी विसरले की तुम्ही पाना टेबलावर आपटायचात. आणि या वेळी धूर सोडणाऱ्या एक्झॉस्टचं नावसुद्धा नाही! म्हातारे झालात की काय, बाबा? येत्या रविवारी टर्बोमागचा जोड उघडते.

राग नसावा, चेष्टा केली.
कोरल

वॉलरू, ११ फेब्रुवारी

चि. कोरल हिस आ.

जोड उघडू नकोस. तापून बोल्ट घट्ट धरलेले असतात, तुटतील. तळंही यंदा ओलं आहे म्हणतात. हे वर्ष जाऊ दे. गाडी परत पाठव, मी बघतो.

बाबा

कूबर पीडी, १६ फेब्रुवारी

बाबा, नमस्कार. वि. वि. पुढे काय लिहावं, हे आज सुचत नाही.

तुमचं पत्र पोचलं तेव्हा जोड उघडून झाला होता. बोल्ट धरलेले नव्हते, नव्या ग्रीसनं सहज फिरले. आत पोलादी चकती होती, मधे पन्नास सेंटच्या नाण्याएवढं भोक, धूर बाहेर पडायला तेवढीच वाट. भोकाची कड आतून गोल कानशीनं घासलेली, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून. असं काम वॉलरूत एकच माणूस करतो. चोरीतही हात सफाईनंच चालला तुमचा!

चकती काढली आणि गाडी सहा हजारांच्या वर गाणं म्हणत गेली.

आत्या म्हणेल, माझ्या जिवाच्या काळजीनं केलं. मला नाही पटत. काळजी असती तर किल्लीच दिली नसती. तुम्हाला मी जिवंत हवी होते की नाही कोण जाणे, पाटीवरचं दादाचं नाव मात्र पुसलं जायला नको होतं. मी हरून यावं, आणि तुम्ही म्हणावं की रॉसला जमायचं. मीही तुमचीच मुलगी आहे, बाबा. हे लिहून सांगावं लागतं याची मला लाज वाटते. तुम्हालाही वाटू दे.

चकती या पाकिटात घातली आहे. मी तळ्यावर जाणार.
कोरल

वॉलरू, २७ मार्च

चि. कोरल हिस आ.

तू दादाचा विक्रम मोडलास, क्लबाच्या सेक्रेटरीनं कळवलं. डॉटनं गल्लीभर सांगितलं. तिच्या पास्टी तुझ्यासाठी अजून तशाच ठेवल्या आहेत.

काल पाटी रंगवली. नवा वेग लिहिला आहे, एक आकडाही कमी केला नाही. डोळे अधू झालेत, पण आकडे सरळ आले. नाव रॉसचंच ठेवलं आहे. गाडी त्यानं बांधली होती. क्लबातली मंडळी पाटीकडे बघत उभी राहिली आणि मग तिला खिळ्यावर लावून गेली. तूही ती तशीच राहू दे. तुला पुढे पुष्कळ वर्षं आहेत, हव्या तितक्या पाट्यांवर नाव लाव. त्याच्याजवळ एवढी एकच आहे.

प्रकृती सांभाळ. पत्र पाठवत जा.
तुझे बाबा