नंदीचा काळा रंग

३ जानेवारी ९९, रविवार
नवी वही. आधी हाताने केलेल्या वस्तू लिहून ठेवतो, मागून कोणी म्हणायला नको. पुढची चौकट, सागवानी, खिळा एक नाही. सौ.चं कपाट. विहिरीवरचा रहाट. दोन बैलबंड्या, एक अजून चालते. लेक रेखाचा पाळणा, आता गिरडला; तिची लेकही त्यातच वाढली. आणि तान्ह्या पोळ्याला लेकरं ओढतात ते लाकडी नंदी, चाकांवरचे. ते मोजले नाहीत. सिंदीच्या बाजारात माझा नंदी उभा केला की लोक ओळखतात, खाली नाव टाकावं लागत नाही. जातीने सुतार नाही, कोणाच्या हाताखाली नाही. पाहून शिकलो.

रंगही घरचा. विकतचा डबा आजवर आणला नाही. काळा तर वावराच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या ढिगाऱ्याचा. इंग्रजाच्या काळी कोण्या साहेबाने तिथे काळा दगड खणला, माल हलका निघाला, सोडून गेला. खड्डा बुजला, ढीग माझ्या आज्याच्या, आबांच्या वावरात राहिला. तो दगड जात्यावर दळायचा, फडक्यातून गाळायचा, उकळलेल्या जवसाच्या तेलात घोटायचा. डोळे, शिंगं, खूर. वर्षानुवर्षं फिकत नाही.
तेवढं दळण मात्र माझ्या हातचं नाही. ते सौ.चं. तिच्याआधी आईचं.

१७ जाने.
संक्रांत झाली. सौ. गप्प. दिवाळीपासून हसलेली नाही. विचारलं, काऊन रागावली?
"नाई जी. कायले रागावू?"
तोंड दगडासारखं. म्हणजे रागावलीच आहे. आठवून पाहिलं. दिवाळीला तिच्या साडीऐवजी लाकूड आणलं होतं. तेच असेल.

७ फेब्रु.
दळण सुरू. मागची खोली, दार-खिडकी लावून, फटींना गोणपाट. वारा शिरला की सगळ्यात बारीक माल तोच उडून जातो, आणि रंगाची जात त्या बारकाव्यातच. आईची पद्धत. सौ. बाहेर आली तर पापण्यासुद्धा काळ्या.
पण यंदा माल जाडा. चिमूट बोटांत चोळून दाखवली. म्हटलं, हे काय, रवा?
"हात चालत नाई जी पहिल्यासारखा."
बघत राहिली. पापणी हलवली नाही. रागच.

२१ फेब्रु.
हिंगणघाटहून साडी आणली. हिरवी, बारीक काठ. "चांगली आहे" म्हणाली, घडी घालून कपाटात. हसणं नाही. मग मलाच राग आला. जेवलो नाही.
दुपारी शेजारच्या पार्वताबाई ताक घेऊन आल्या. ओट्यावरच बोलल्या.
"भाऊ, तुमी फुगून बसले का?"
म्हटलं, आधी तिने सुरू केलं.
"ते रागावली नाई. तिचं काईतरी दुखणं आहे. जरा चालतानी पाहा ना तिले. टाचा टेकत नाई."
संध्याकाळी पाहिलं. पायरी उतरताना चवड्यांवर, छाती पुढे, हात अंगाला चिकटलेले. कोंबडा चालतो तशी. हे मला दिसलं नाही, पार्वताबाईंना दिसलं. लाकडातली सुताएवढी चूक मला लांबून दिसते.

२२ फेब्रु.
आई अशीच चालायची. शेवटी शेवटी. गावात कोंबडचाल म्हणत. तोंडही असंच, म्हणून लोक म्हणत, म्हातारी माजली, हसत नाही कोणाशी.
काल लिहिता लिहिता हे आठवलं आणि वही मिटली.

१४ मार्च
वर्ध्याचा मोठा दवाखाना. परवा गेलो होतो, लिहायला आज बसलो. डॉ. बाई रेखाच्या वयाच्या. मला वाटलं, ही काय सांगणार. सौ.ला चालवलं, वळवलं, मूठ उघड-मीट करायला लावली. नाव लिहायला लावलं. सौ.चं अक्षर टपोरं. यावेळी शान्तातला शा मोठा आला, पुढचं सगळं मुंगीएवढं होत गेलं.
मग म्हणाल्या, "मावशी, जरा हसून दाखवा."
सौ.ने केलं. काय केलं ते तिलाच माहीत. तोंडावर काही आलं नाही.
"हसली ना जी मी," ती माझ्याकडे बघून म्हणाली.
डॉ. बाईंनी पेन खाली ठेवला. "काका, या रागावलेल्या नाहीत. चेहऱ्याचे स्नायू आखडले आहेत. आतून हसतात, बाहेर येत नाही."
दिवाळीपासून ती हसत होती. आणि मी साड्या आणून राहिलो.
मग विचारलं, काम काय करतात. मी सगळं सांगितलं, दगड, जातं, फडकं, तेलाचा उकळा. जरा तोऱ्यातच सांगितलं. गोणपाटापर्यंत आलो तर डॉ. बाई लिहिता लिहिता थांबल्या.
"दार लावून?"
हाव, वारा लागू देत नाई.
"त्यांच्या आधी कोण दळायचं?"
आई.
"त्या कशा होत्या शेवटी?"
उत्तर सौ.ने दिलं. उठून चालून दाखवलं.

मला संताप आला. म्हटलं, बाई, तीन पिढ्या तो ढीग आमच्या वावरात आहे, तो दगड मी ओळखतो. त्या चिडल्या नाहीत. "दगड तुम्ही ओळखता, काका. त्याची भुकटी माणसाच्या अंगात काय करते ते मी पाहिलं आहे." शिकताना खाणीच्या गावी होत्या म्हणे. तिथल्या कामगारांत पाहिलं. दगडाचा तुकडा तपासायला मागितला. बसमध्ये सौ. खिडकीशी. मी वर्धा ते घर तिच्या हातांकडे पाहत आलो.

१६ मार्च
मागच्या खोलीच्या छपराचं एक कवेलू काढलं. उन्हाची तिरीप खाली आली. दळण बंद होऊन दिवस झाले, पाऊल कोणी टाकलं नव्हतं, तरी तिरपीत काळं बारीक काहीतरी तरंगत होतं. फुंकर मारली, फिरलं. खाली बसेना. हाच तो बारकावा, ज्यासाठी फटी बुजवल्या.
जातं बाहेर काढलं. बंडीत घालून ढिगाऱ्यावर नेऊन टाकलं. आईचं जातं. वरची पाळू वेगळी झाली, तशीच ठेवली. खोली पार्वताबाईंनी ओल्या फडक्यांनी पुसून काढली, नाकातोंडाला पदर बांधून. मी म्हटलं, मी करतो. "तुमी लाकूड पाहा, भाऊ. हे आमचं काम." या बाईचे उपकार कुठे फेडू.

११ एप्रिल
दगडाच्या तपासणीचा कागद आला, वर्ध्याला जाऊन आलो. मँगनीज. श्वासातून आत, तिथून मेंदूत. डॉ. बाईंनी मेंदूचं चित्र काढून समजावलं, मी दोनदा विचारलं, दोनदा सांगितलं. मार्चमधल्या गोळ्या बदलून दिल्या. "पहिल्यासारखं होईल असं खोटं सांगणार नाही. भुकटी बंद झाली, तर पुढे वाढणं कदाचित थांबेल." कदाचित. खोटं बोलल्या नाहीत, याचंच बरं वाटलं.
बाजारात गेलेल्या जुन्या नंदींचं विचारलं. लेकरं मुके घेतात त्यांचे. म्हणाल्या, तेलात घट्ट बसलेला रंग तसा उडत नाही, पोपडे निघाले असतील तर घासू नका, परत मागवा. उडणारी भुकटी वाईट. सौ.ने पिशवीतून नंदी काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. पांगाऱ्याचा, बिनरंगाचा. मी केलेला पहिला असा.
"याला डोळे?" डॉ. बाईंनी विचारलं.
सौ. म्हणाली, "तुमचे लावजा. तुमाले दिसते."

९ मे
सरपंच दिनकरभाऊ हिंगणघाटच्या ठेकेदाराला घेऊन आले. गावचा रस्ता आणि शाळेचं पटांगण मंजूर. भरणाला ढिगारा पाहिजे. फुकटचा माल जवळ असताना लांबून मुरूम कायले आणायचा, म्हणाले. म्हटलं, त्याची धूळ विषारी आहे. लेकरं त्या पटांगणात खेळतील, पळतील, धूळ उडेल.
ठेकेदार हसला. "मेस्त्री, धूळ कुठं नसते बाप्पा?"

२३ मे
ग्रामसभा. डॉ. बाईंचा कागद वाचून दाखवला. मागून एक आवाज: "बायकोच्या वाताचं खापर दगडावर फोडून राह्यला." दुसरा: "नाई रे, भाव वाढवून राह्यला." हशा. दिनकरभाऊ म्हणाले, इतकी वर्षं आमच्या बायका त्याच काळ्याने ओटे सारवतात, कोणाले काय झालं? म्हटलं, ओल्यात सारवतात, दळत नाहीत. दार लावून दळणाऱ्या दोनच, एक गेली, एक ही. तिला उभं करतो, पाहा.
सौ. आपणहून उठली. सभेतून दारापर्यंत चालत गेली आणि परत आली. चवड्यांवर. कोणी हसलं नाही.
तरी ठराव त्यांचाच झाला. पण ढिगारा माझ्या सातबाऱ्यात. मी अंगठा देणार नाही, सहीही नाही.

४ जुलै
ढिगारा झाकायचं ठरवलं. तळ्याचा गाळ आणून टाकतो, दोन पावसांत गवत धरेल, मग वाऱ्याला काही मिळणार नाही. डॉ. बाईंनी सांगितलं होतं, गाळ ओला असतानाच टाका, तोंडाला फडकं बांधा. बंडी घेऊन एकटाच होतो.
सकाळीच पार्वताबाई टोपलं घेऊन आल्या. मागे बाया. ज्यांच्या नवऱ्यांनी सभेत ठरावाला हात वर केले त्याही. फडकी बांधली, टोपली भरली. एकीला विचारलं, घरी काय सांगितलं? "सांगितलं, निंदाले जाऊन राह्यलो."
सौ. बांधावर बसून होती. घागर तिच्याजवळ. प्रत्येकीला पेला भरून देत होती, अर्धं पाणी सांडत होतं. कोणीही हातातून घागर घेतली नाही. ते फार बरं केलं त्यांनी.

८ ऑगस्ट
काळ्याशिवाय नंदी करून पाहतो. चिमणीची काजळी जवसाच्या तेलात घोटली. वाळल्यावर करडी. बिब्ब्याचा रस लावला, हात सुजला. खैराचा काथ आणि लोखंडाचा कीस भिजवला, तपकिरी आला, मातीसारखा. बरा आहे. पण काळा नाही. माझा काळा होता तो.
एवढंही जड जातं, हे इथेच लिहितो. सौ.ला सांगितलं नाही. तिला ठाऊक आहे.

२९ ऑगस्ट
सिंदी. नंदी घेऊन शेठच्या दुकानी. त्यांच्या वडिलांपासून माझे नंदी तेच विकतात. हातात घेऊन फिरवला.
"मेस्त्री, यंदा बैल झोपले काऊन?"
सगळं सांगितलं. वाटलं, परत करतील, पोळा तोंडावर. शेठ चष्मा काढून बसले. मग गडी बोलावला, सगळे उतरवून घ्यायला लावले. "मी सांगीन गिऱ्हाइकाले. मेस्त्रीचे बैल या साली तपकिरी डोळ्यांनीच पाह्यतील म्हणा. जुने कोणाकडे पोपडे निघालेले असतील तर इथं आणून टाका म्हणतो." आणि निघताना: "वहिनीले विचारलं म्हणून सांगजा."
दुकानाच्या पायरीला हात लावून आलो.

११ सप्टेंबर
काल तान्हा पोळा. रेखा आणि नात गिरडहून आल्या. नातीने नंदीला मुंडावळी बांधली, गावभर ओढत नेला. दुसऱ्या लेकरांनी चिडवलं, "तुह्या बैलाले डोळे आले!" तिने उत्तर दिलं, "माह्या आज्यानं असेच केले. तुमच्याजवळ आहेत का असे?" पोरगी माझ्यावर गेली.
परत आली तेव्हा सौ. दारात. नंदीकडे बघून म्हणाली, "पाहा जी, याले पण माह्यासारखंच हसता येत नाई."
मी हसलो. रेखा हसली. सौ.चं तोंड तसंच. पण ती हसत होती. गाल नाही, डोळे नाही, मानेजवळ जरा काहीतरी हलतं. आता मला कळतं. कळायला वर्ष लागलं, पण कळतं. देवाने एवढं दिलं.

३ ऑक्टो.
डॉ. बाई म्हणाल्या, मार्चपेक्षा वाईट नाही. बरं आहे असं म्हणाल्या नाहीत. सौ.ने नाव लिहिलं. शान्ता. पाचवीतल्या पोरीएवढं अक्षर, पण शेवटपर्यंत एकसारखं. कागद मागून घेतला, खिशात आहे. डॉ. बाईंच्या टेबलावर तो बिनडोळ्यांचा नंदी अजून उभा. कागद उडू नयेत म्हणून ठेवतात म्हणाल्या.

१४ नोव्हेंबर, रविवार
ढिगाऱ्यावर गवत धरलं. उगवतीकडे नीट, मावळतीला अजून काळं दिसतं. तिथे परत गाळ टाकावा लागेल.
दुपारी ठेकेदार. सोबत दिनकरभाऊ. ओट्यावर बसले. रस्ता अर्धा झाला, मुरूम पुरत नाही. यावेळी फुकट नाही म्हणाले, विकत घेतो. सौ. चहा घेऊन आली, चवड्यांवर, अर्धा बशीत. दिनकरभाऊंनी नजर खाली घातली. ठेकेदाराने आकडा सांगितला. मी नाही म्हटलं. ठेकेदार म्हणाला, "वैनीच्या दवापाण्याले होतील, मेस्त्री." म्हटलं, तिच्या नावावर पटांगणात ही काळी धूळ नाही पसरणार. दिनकरभाऊ उठता उठता बोलले, "मोजणी मागवतो मी. ढिगारा खरंच तुह्याच धुऱ्यात आहे का, पाहू." मोजणीवाला कधी येईल, काय निघेल, ठाऊक नाही. कागद आबांच्या वेळचे आहेत.
ते गेल्यावर सौ.ने कप उचलले.
"किती म्हणे जी?"
सांगितलं.
"मंग?"
नाई म्हटलं.
मानेजवळ जरा हललं.
लिहून ठेवतो, मागून कोणी म्हणायला नको: काळ्या ढिगाऱ्याचे, रोख, आजच्या आज, नाकारले ते पंच्याहत्तर हजार रुपये.