टाकीची किल्ली कोणाकडे

पनवेल, मंगळवार, संध्याकाळ. थंडी कडक.

दोनदा साबण लावला तरी हाताचा घासलेटचा वास जात नाही.

आज गॅरेजात केशवशेटचा जुना, पेट्रोलवरचा ट्रक खोलला. थंडीत पहाटे कितीही हँडल मारा, चालूच होत नाही. शेटने आधीच ठरवून टाकलं की ओवे गावच्या पांडू ड्रायव्हरने गाडीची वाट लावली. परवा त्याला भर बाजारात शिव्या घालून हाकललं.

इंजिनाचं हेड काढलं. पिस्टनवर कार्बनची जाड खरपुडी, प्लग काळेकुट्ट आणि पेट्रोलला घासलेटचा भपकारा. टाकीला कुलूप, किल्ली शेटच्या कमरेला. मग हे स्वस्तातलं घासलेट मिसळलं कोणी? आणि हा शेट नाकाला रुमाल लावून मलाच विचारतो, "वास कसला हो?" माणूस इतका कोडगा कसा असतो?

मी पांडूला बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोरच सांगितलं, "शेट, घासलेट नीट जळत नाही, त्याचीच ही काजळी. गाडी तुम्हीच मारलीत."

माफी? छे! उपकार केल्यासारखा म्हणाला, "बरं पांडू, उद्यापासून ये कामावर."

"नाय शेट," पांडू म्हणाला, "आमी आता मिठाच्या गाडीवर हाय." आणि निघून गेला.

मला एवढा संताप का यावा? पांडू माझ्या नात्याचा ना गोत्याचा. पण अजून डोकं तापलेलंच आहे.

शेट मात्र लगेच माझ्याकडे वळला. "तुमच्या ओळखीत चांगला ड्रायव्हर आहे का?"

"पुष्कळ आहेत," मी म्हणालो, "पण तुमच्याकडे एकालाही धाडणार नाही."