नकाशाची वरची बाजू

३ मार्च, सकाळी सात
आज सकाळी देवाला हात जोडले आणि साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत मंजूर नकाशा चार खिळे मारून भिंतीवर ठोकला. सायकलींच्या उड्यांचा ट्रॅक. टेकडीवर मातीचे नऊ उंचवटे. सायकलवाल्यांनी एकावरून दुसऱ्यावर उडायचं. नगरपालिकेने अडीच वर्षं विचार करून शिक्का दिला. सुपरवायझर मी. मला सायकल उडवता येत नाही, पण उडणं त्यांचं काम, माती माझं.
संकल्प: मंजूर कागदापासून तसूभरही हलायचं नाही.

५ मार्च
'प्रारंभ' कागदाच्या तळाशी आहे. म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी. तिथे पाटी रोवली. जेसीबीचा ऑपरेटर म्हणाला, साहेब, सायकली वरून खाली सुटतात ना? मी त्याला शिक्का दाखवला. त्याने जेसीबी सुरू केला. भला माणूस, फक्त शंकेखोर. त्याची बायको पहाटे कामावर जाते, म्हणून आमची मंडळी दोघांचा डबा देते. मिळून जेवलो.

९ मार्च
ऑपरेटरने पुन्हा विचारलं. मान वाकडी करकरून नकाशा बघत होता. म्हटलं, भूगोल होता का शाळेत? आमच्या गावच्या शाळेत होता. गुरुजी नकाशा खुंटीला टांगायचे आणि पर्वत कायम वरच असायचा.

१६ मार्च
नऊही उंचवटे उभे. ऑपरेटरने तिसऱ्यांदा तेच विचारलं. जरा चढ्या आवाजात बोललो. माती रोलरने दाबायला सांगितली, तर त्याने रोलर नुसता फिरवल्यासारखा केला. दिसलं, पण सोडून दिलं. मोठ्या माणसाने मन मोठं ठेवावं.

२२ मार्च
सायकल क्लबचे चौघे चाचणीला आले. त्यात एक नर्स आहे. पायथ्यापासून जोर लावून निघाली, पहिल्या उंचवट्याच्या निम्म्यावर थांबली आणि तशीच मागे घरंगळली. म्हणाली, काका, पंख वेगळे मिळणार आहेत का?
आजच्या पिढीच्या पायांत दम नाही.

२२ मार्च, सायंकाळी
खोलीत एकटाच. नकाशाच्या कोपऱ्यात एक बारीक बाण आहे. शेजारी 'उतार' असं लिहिलंय. बाण कागदाच्या वरच्या दिशेला जातो.
मी खिळा नेमका त्या बाणातच ठोकला होता.

२५ मार्च
नगरपालिकेच्या इंजिनिअर मॅडम आल्या. म्हणाल्या, कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर, टेकडीचा माथा नव्हे. हे कोणाचं डोकं? आणि माती एवढी भुसभुशीत कशी?
मी म्हणालो, ऑपरेटरला सांगितलं होतं, ऐकत नाही.
तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता. फडक्याने हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते. चौकशी होईपर्यंत घरी बसा, असं त्याला सांगण्यात आलं. दोष निघाला तर कायमचं.
हे तात्पुरतं आहे. सोमवारी मी मॅडमना सगळं सांगणार आहे.

३० मार्च
सोमवार झाला. मॅडम रजेवर होत्या. (दुपारपर्यंत.)
डबा रोज दोघांचाच येतो. भरलेला परत नेला तर मंडळी विचारेल, टाकून दिला तर पाप. म्हणून दोन्ही वाटे मीच खातो. काल तिने विचारलं, भाऊजींना भाजी तिखट नाही ना झाली? म्हटलं, छे, बोटं चाटत होते.

४ एप्रिल
पँटचं बटण तुटलं. सकाळी देवापुढे वाकताना पोट आडवं येतं. म्हणून हल्ली उभ्यानेच, थोडक्यात आटोपतो. पोटामुळेच.

६ एप्रिल
डबा हलका लागला. उघडला. एकट्याचा.
घरी गेल्यावर कारण विचारलं. म्हणाली, काल दुकानात भाऊजींची बायको भेटली. बारा दिवस झाले, ते घरी आहेत. मग माझा डबा कोणते भाऊजी खात होते?
मी चपला नीट लावत बसलो.
मग म्हणाली, ट्रॅक उलटा फिरवावा लागणार हे त्यांना पहिल्यापासून कळलं होतं. म्हणून माती दाबली नाही. दाबली असती तर साहेबांना पुन्हा फोडत बसावं लागलं असतं, असं म्हणत होते.

७ एप्रिल
मॅडमना अर्ज लिहायला बसलो. 'चूक झाली असावी.' कागद फाडला.
'चूक झाली.' फाडला.
'चूक माझी आहे.' ठेवला.

८ एप्रिल, सकाळी साडेदहा
नगरपालिकेत आवक खिडकीवर गेलो. कारकून कागद न वाचताच म्हणाला, एकच प्रत? दोन लागतात. आणि झेरॉक्स बंद आहे.
मागे रांग. खिडकीच्या कट्ट्यावर उभ्याउभ्या दुसरी प्रत लिहायला घेतली. मागचा माणूस खांद्यावरून वाचत होता. म्हणाला, अच्छा, तो उलटा ट्रॅक तुमचा होय! लिहा, लिहा, आपल्याला घाई नाही.
लिहिताना दोन वाक्यं जास्त पडली. 'ऑपरेटरने मला तीनदा सांगितलं होतं. माती सैल ठेवली ती माझी चूक निस्तरायची सोय म्हणून.'
कारकून म्हणाला, दोन्ही प्रती सारख्या पाहिजेत. मग पहिलीतही तीच दोन वाक्यं घातली, जरा मोठ्या अक्षरात.
कागद सरळ धरलेत ना, ते दोनदा पाहिलं. आणि दिले.