ओळख चौऱ्याण्णव टक्के

६ जानेवारी, सोमवार

…त्या सकाळी मी मेथी निवडत होते. एकीकडे दूध तापत होतं. सासूबाईंचं अंग पुसून झालं होतं, चादर बादलीत भिजत होती. हे दाराशी बसून बुटांना ब्रश मारत होते. डब्यात मेथी नको म्हणाले, दातात अडकते. मी म्हटलं, मग वॉचमनला काय श्रीखंड देऊ? हसत गेले. अकराच्या सुमारास गेटवरच छातीत कळ आली. ती मेथी संध्याकाळपर्यंत तशीच ताटात पडून होती.

त्याला आठ महिने झाले. आज त्याच सोसायटीच्या ऑफिसात मी कामाला लागले. कोलशेतला खाडीच्या बाजूला सहा इमारती आहेत. हे इथे अकरा वर्षं गेट नंबर दोनला दिवसपाळीला होते. कमिटीने आठवण ठेवून मला बोलावलं. खुर्ची आहे, पंखा आहे, दोनदा चहा आहे. खिडकीतून खाडीवरचे बगळे दिसतात. फार दिवसांनी बरं वाटलं. संचिताने बँकेची डायरी दिलीय, म्हणाली, आई, नवी नोकरी आहे, लिहीत जा. मी चौथी शिकलेली. पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांवर झालं आणि मग वाचनालयात. लिहिते.

ठाकुर्लीला उतरल्यावर आमच्या जिन्यात थांबले, पर्समधलं मंगळसूत्र गळ्यात घातलं, टिकली लावली. मुलगा गेल्याचं सासूबाईंना सांगितलेलं नाही. त्या अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या, दिसतं अंधुक. डॉक्टर म्हणाले होते, धक्का सोसायचा नाही. यांना गेटवरून हॉस्पिटलात नेलं आणि तिथून परस्पर स्मशानात. सासूबाईंना वाटतं, मुलाला गुजरातेत ड्युटी लागलीय. रोज संध्याकाळी त्या माझ्या गळ्याला हात लावून बघतात आणि मगच जेवतात.

९ जानेवारी, गुरुवार

काम समजलं. सोसायटीत बत्तीस कॅमेरे आहेत. दर कमिटीने आपापल्या मर्जीने घेतलेले, तीन कंपन्यांचे. ते फेकायचे नाहीत. साकेत म्हणून तिशीचा मुलगा हे बसवायला येतो. त्याने कपाटाएवढ्या जागेत एक डबा बसवून सगळ्या वायरी त्यात आणल्या. आता सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र एकाच पडद्यावर दिसतं आणि साठतं दूर कुठेतरी, ज्याला तो क्लाउड म्हणतो. ही सिस्टीम ओपन आहे म्हणे. कुठल्याही कंपनीचा, कुठल्याही गावातला कॅमेरा तिला जोडता येतो.

ती प्रत्येक चेहऱ्याभोवती चौकोन काढते आणि नंबर देते. नाव मी लिहायचं. मग ते माणूस परत कुठे दिसलं की ती ओळखते आणि किती टक्के खात्री आहे ते सांगते. मोलकरणी, दूधवाला, शाळेची मुलं, सगळ्यांची नावं लिहिली. लॉबीतल्या गणपतीलाही तिने नंबर दिला होता, व्यक्ती ११८. मी ‘गणपती बाप्पा’ लिहिलं. साकेत म्हणाला, "राहू दे काकू. हजेरी बघा त्यांची, एक खाडा नाही."

१३ जानेवारी, सोमवार

व्यक्ती २०७ला नाव नव्हतं. गेट नंबर दोन. मागून ऊन, तोंड काळं, पण टोपी यांची आणि एक खांदा उतरलेला. साकेतला विचारलं, जुनी रेकॉर्डिंगंही यात घेतलीस का? तो वायरीत गुंतला होता, हो हो म्हणाला. नाव नसलेले सोडून द्या, असंही म्हणाला.

मी सोडलं नाही. एकतीस वर्षांच्या संसारात मी यांचं नाव घेतलं ते उखाण्यातच. आमच्यात तसंच. तेही मला संचिताची आई म्हणत, नाहीतर नुसतं अगं. स्मशानात भटजींनी नाव विचारलं तेव्हाही दिरांनी सांगितलं. आज एका बोटाने अक्षरं दाबली आणि दाबता दाबता तोंडातूनही निघालं. दौलत. नव्या नवरीसारखे कान तापले.

खाली आलं, ओळख एकेचाळीस टक्के.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत झाली. सासूबाईंनी एक तिळाचा लाडू मुलासाठी उशीखाली ठेवून दिला.

आज अकरा वाजून चार मिनिटांनी ऑफिसच्या मोबाइलवर सूचना आली. दौलत, गेट नंबर दोन, बावन्न टक्के. मी धावत गेटवर गेले. एक कुरियरवाला होता, तो नव्हे.

साकेत म्हणाला, बावन्न म्हणजे काहीच नाही, कुणीतरी त्यांच्यासारखा दिसला असेल. मी म्हटलं, जुन्या रेकॉर्डिंगवरून गोंधळली असेल. तो म्हणाला, जुनं काही घेताच आलं नाही काकू, जुनी डिस्क जळलेली होती, जे आहे ते या जानेवारीतलं.

म्हणजे सोमवारचं चित्र सोमवारचंच होतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

काल पंपाची खोली, छप्पन्न. आज बी विंगचा जिना, त्रेसष्ट. हा यांचाच राउंड आहे, क्रमही तोच. मी त्या जागी जाते तेव्हा कोणी नसतं.

चित्रं लावून बघते. पहिल्यात टोपीखाली तोंडच नव्हतं. आता नाक आलंय, जबडा आलाय. लांबून चालत येणाऱ्या माणसाचा चेहरा दिसत जावा तसं. भीती वाटली नाही. खरं लिहायचं तर उद्या-परवा सुट्टी आहे याचा राग आला.

२० जानेवारी, सोमवार

आमच्या खोलीत संचिताने मागेच एक छोटा कॅमेरा लावलाय. ती दिव्याला सासरी असते, तिथून आजीवर नजर ठेवते. दुपारी शेजारची शेवंती कुलूप काढून सासूबाईंना भरवते, तेवढंच. आज मी साकेतला सहज म्हटलं, मला इथून त्या दिसल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, त्यात काय, पाच मिनिटांचं काम. त्याने तो कॅमेराही जोडून दिला. तेहतिसावा. मी नाव लिहिलं, घर.

सासूबाई झोपलेल्या दिसल्या. बरं वाटलं.

२१ जानेवारी, मंगळवार

आज गेटवर नाही. पंपावर नाही. जिन्यात नाही.

सव्वाअकराला सूचना आली. दौलत, घर, एक्क्याऐंशी टक्के.

पडद्यावर माणूस नव्हतं. सासूबाईंच्या पायाशी, रिकाम्या हवेत, चौकोन होता. त्या बोलत होत्या. हसल्या. मग धड असलेल्या हाताने उशी ओढून अंगाने सरकल्या, कुणाला बसायला जागा करून द्यावी तशा.

शेवंतीला फोन केला. ती म्हणाली, बाहेरून कुलूप आहे तसंच आहे, कोण येणार? घरी येऊन बघितलं. उशीखाली लाडू नाही.

सासूबाई आज माझ्या गळ्याला हात न लावताच जेवल्या. किती दिवसांनी पोटभर जेवल्या. हे येतायत. मग येऊ देत की. मी का अडवू —

२२ जानेवारी, बुधवार

अठ्ठ्याऐंशी.

भरवताना मीच विचारलं, दिवसा कोण येतं? सासूबाई म्हणाल्या, "दौलत येतो. सांगत होता, नंदाने नाव घेतलं म्हणून वाट सापडली."

नंदा.

यांनी मला एकतीस वर्षांत एकदाही नंदा म्हटलेलं नाही. लग्नात नाव घे म्हणून सगळे मागे लागले तेव्हाही लाजून पंगतीतून उठले होते. हे ते नाहीत.

काहीतरी गेटवर उभं होतं. त्याला तोंड नव्हतं. मी त्याला यांचं नाव दिलं. आणि मग घर दिलं.

सासूबाईंचे पाय बर्फासारखे गार लागतात. गुडघ्यापर्यंत.

२३ जानेवारी, गुरुवार

सकाळी नाव पुसलं. घरचा कॅमेरा यादीतून काढला. साकेतकडून खात्री करून घेतली, गेला म्हणाला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी सूचना. दौलत, घर, चौऱ्याण्णव. यादीत नसलेल्या कॅमेऱ्यातून. साकेतने यादी पुन्हा उघडून बघितली. मग म्हणाला, काकू, हे मी केलेलं नाही.

चेहरा आता पूर्ण आहे. यांचाच. पण कॅमेऱ्याकडे बघतोय. माझ्याकडे —

अर्धी रजा टाकून निघाले. सासूबाईंचे पाय मांड्यांपर्यंत गार. म्हणाल्या, "तो म्हणतो, आई, चल आता." त्या तयार आहेत. मुलगा नेतोय असं त्यांना वाटतंय. माझ्या खोट्यामुळे.

२४ जानेवारी, शुक्रवार

कामावर गेले नाही. मंगळसूत्र घातलं नाही. अकराच्या आत सांगायचं होतं.

त्यांचा हात धरला, माझ्या गळ्यावर ठेवला. बोटं फिरली. थांबली. मी म्हटलं, "आई, ते मे महिन्यातच गेले. मी खोटं बोलले तुमच्याशी."

त्या रडल्या नाहीत. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मग माझ्या पायाशी बसलाय तो कोण?"

गादी तिथे दबलेली होती.

मग त्याच्याकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "तू माझा नाहीस. ऊठ."

गादी वर आली. सावकाश. फरशीवरून —

आता माझ्या मागे —

२५ जानेवारी, शनिवार

संचिता आणि जावई सकाळीच टॅक्सी घेऊन आले. सासूबाईंना दिव्याला नेलं. त्यांचे पाय ऊबदार होते. वाटेत त्या मुलासाठी मोठ्याने रडल्या, असं संचिताने फोनवर सांगितलं. मला चल म्हणून खूप विनवलं तिने. मी नाही म्हटलं. ते माझ्याबरोबर चालतं. मी गेले तर तेही दिव्याला जाईल, आणि संचिताच्या दारावरही कॅमेरा आहे. नाव मी दिलंय.

टॅक्सी गेल्यावर मी दार आतून लावलं. कुकर लावला, मेथीची भाजी केली. दोन ताटं वाढली, आणि एकात माझ्या हाताने तूप घातलं.