नोंद बदलली की

३ फेब्रुवारी
बुऱ्हाणपूरला पोचलो. केळी-व्यापाऱ्यांच्या संस्थेत प्रोग्रामर; पन्नाशीत नोकरी मिळणं हाच चमत्कार. संस्थेचे अध्यक्ष मधुकरशेठांनी मावा जिलेबी खाऊ घातली आणि सांगितलं, आमची सिस्टीम इतकी हुशार की माणसाला काम उरत नाही. मग मला कशाला ठेवलंत, हे विचारायचं राहिलं; तोंडात जिलेबी होती. भिंतीवर आधीच्या प्रोग्रामरचा, योगेंद्रचा, हार घातलेला फोटो. शेजारी रिकामा खिळा. बायकोला, अलकाला, भुसावळला फोन केला, जागा छान आहे, पुढच्या महिन्यात ये.

६ फेब्रुवारी
कोड वाचला. योगेंद्रने प्रत्येक नोंदीवर लिसनर बसवलाय. नोंद बदलली की तो जागा होतो आणि यादीतलं पुढचं काम आपोआप उरकतो. कोणी मयत झालं की आधी सर्वांना शोकसंदेश, मग फोटोची ऑर्डर, मग तापीच्या घाटावर लाकडं, शेवटी न्यायला गाडी. जिवंत सभासदाला साधा दाखला मिळायला महिना लागतो. मेल्यावर मात्र सेवा तत्पर.

७ फेब्रुवारी
चाचणीसाठी स्वतःचीच नोंद ‘मयत’ केली. चाचणीची प्रत वेगळी असेल असं धरून चाललो. नव्हती. शोकसंदेश गावभर गेला, अलकालाही. घाईने ‘हयात’ केलं. पण लिसनर काय बदललं ते बघत नाही, बदललं एवढंच बघतो. फोटोची ऑर्डर गेली.
शेठसमोर जाऊन उभा राहिलो. ते सुपडू शिपायाला म्हणाले, माणूस भला होता.

८ फेब्रुवारी
खिळ्यावर मी. हारासकट.
अलकाने फोन उचलला. मी बोलत राहिलो. ती बहिणीला म्हणाली, त्यांच्या नंबरवरून कोणीतरी बोलतंय, आवाजही तसाच काढतंय. फोन बंद.

९ फेब्रुवारी
नोंदीत पुन्हा दुरुस्ती केली. लाकडं पोचल्याचा मेसेज आला.
सुपडूला हात धरून सांगितलं, मी जिवंत आहे. तो ओशाळून म्हणाला, “साहेब, योगेंद्रसाहेब बी असंच बोलत होते. पण सिस्टीम झूठ थोडीच बोलते?”

१० फेब्रुवारी
नोंदच पुसून टाकली. पुसणं हाही बदलच—
खाली गाडी थांबली. अलका वर आली. माझा हात हातात घेतला. म्हणाली, गार पडलाय.
गार नाही. लिहितोय. हा बघ, हात हलतो—
चौघांनी आडवं केलं. वही छातीवर धरून—
सुपडू पायाशी बसलाय. अदबीने म्हणतोय, साहेब, पाय जरा जवळ घ्या, अंगठे बांधायचे—